त्रोपेआचा लाल कांदा आणि चार जिन्नसांचा पास्ता: तिकडे २० मिनिटांत होतो, मग आपल्याकडे का होत नाही?

रीलमध्ये सगळं सोपं दिसतं. मागे निळाशार समुद्र, पाटावर जांभळट-लाल कांदे, कढईत ऑलिव्ह ऑइल. कांदा चिरणाऱ्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नाही. कांदा परतला, स्पॅगेटी टाकली, वरून चीज किसलं, झालं. २० मिनिटांत ताटली समोर.

तीच कृती नाशिकच्या कांद्यावर केली की वेगळीच गंमत होते. चिरतानाच डोळ्यांना धारा लागतात. २० मिनिटांनी कढईत अर्धवट मऊ, अर्धवट कचकचीत कांदा असतो, त्याला उग्र वास असतो आणि पास्ता खाताना भेळेतला कांदा चुकून इकडे आल्यासारखं वाटतं. मग आच वाढवली जाते, कडा करपतात आणि 'इटालियन लोकांना हे आवडतं तरी कसं' असा निष्कर्ष निघतो.

यात ना इटालियन लोकांची चूक आहे ना करणाऱ्याची. दोन्ही कांदे लाल असले तरी ते एकाच स्वभावाचे नाहीत. या पदार्थात कांद्याला लपायला जागाच नसल्याने तो फरक लगेच उघडा पडतो. टोमॅटो नाही, लसूण नाही, क्रीम नाही. कांदा, तेल, पास्ता, चीज. मीठ-मिरपूड कुणी मोजत नाही.

हे त्रोपेआ आहे कुठे?

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्या बुटाचा चवडा म्हणजे कालाब्रिया प्रांत. इटलीतल्या गरीब भागांपैकी एक. इथून पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे न्यूयॉर्कपासून ब्युनोस आयर्सपर्यंत कालाब्रियाची माणसं भेटतात. या चवड्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, तिऱ्हेनियन समुद्राच्या काठी, उंच कड्यावर वसलेलं छोटं गाव म्हणजे त्रोपेआ. समोरच्या खडकावर सांता मारिया देल्लीझोला नावाचं जुनं चर्च आहे. त्रोपेआ म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो, तो याच चर्चचा. २०२१ मध्ये इटलीच्या सरकारी वाहिनीच्या स्पर्धेत हे गाव देशातलं सर्वांत सुंदर गाव ठरलं होतं.

गावात शिरलं की दुकानादुकानांवर कांद्याच्या वेण्या लटकलेल्या दिसतात. कांद्याचा मुरंबा मिळतो, ऑम्लेट मिळतं, कच्चा कांदा आणि टुना माशाचं सॅलड मिळतं. चक्क कांद्याचं आइस्क्रीमही मिळतं. ते किती जण दुसऱ्यांदा घेतात हा भाग वेगळा, पण कांदा आइस्क्रीममध्ये घालण्याची हिंमत होते यातच त्याचा स्वभाव कळतो.

हा कांदा इथे आणला फिनिशियन व्यापाऱ्यांनी, मग ग्रीकांनी तो रुजवला, असं तिकडे परंपरेने सांगितलं जातं. कालाब्रियाच्या किनाऱ्यावर ग्रीकांच्या वसाहती होत्या हा तर इतिहासच आहे.

मात्र नाव त्रोपेआचं असलं तरी हा कांदा फक्त त्या गावात पिकत नाही. लासलगावचं नाव लागलेला सगळा कांदा लासलगावच्या वेशीच्या आत थोडाच पिकतो! त्रोपेआचंही तसंच. कोझेंझा जिल्ह्यातल्या फ्युमेफ्रेद्दो ब्रुत्झिओपासून खाली विबो वालेन्तिया जिल्ह्यातल्या निकोतेरापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने याची शेती पसरली आहे. युरोपियन युनियनने २००८ मध्ये त्याला 'आयजीपी' दर्जा दिला. आपल्याकडे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असतं, साधारण तोच प्रकार. अधिकृत नाव 'चिपोल्ला रोस्सा दी त्रोपेआ कालाब्रिया'. चिपोल्ला म्हणजे कांदा, रोस्सा म्हणजे लाल.

मानांकनात या कांद्याचे तीन प्रकार धरले आहेत. एक कोवळा, पातीसकट विकला जाणारा. दुसरा ताजा खायचा, रसाळ. तिसरा साठवणुकीचा, ज्याच्या वेण्या वळतात. पास्त्याला तिन्ही चालतात, पण खरी मजा ताज्या कांद्याची.

गोड म्हणजे साखर जास्त? नाही!

इथेच बहुतेकांची गल्लत होते. गोड कांद्यात साखर जास्त असते असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तिखट कांद्यातही साखर भरपूर असते, कित्येकदा गोड कांद्याहून जास्त. साठवणुकीच्या कांद्यात पाणी कमी आणि घन भाग जास्त असतो आणि त्या घन भागात साखरेचा वाटा मोठा असतो. मग तो गोड का लागत नाही? कारण जिभेपर्यंत गोडी पोचण्याआधीच तिखटपणा येऊन धडकतो.

हा तिखटपणा येतो गंधकातून. कांद्याचं रोप जमिनीतून गंधक उचलतं आणि आपल्या पेशींमध्ये त्याची संयुगं साठवून ठेवतं. त्याच पेशींत, पण वेगळ्या कप्प्यात, एक एन्झाइम असतं. कांदा अख्खा असतो तोवर दोघांची भेट होत नाही, म्हणूनच न चिरलेल्या कांद्याला फारसा वास नसतो. सुरी फिरली की कप्पे फुटतात आणि दोन्ही एकत्र येऊन झणझणीत रसायनं तयार होतात. त्यातलंच एक वायुरूपाने डोळ्यांपर्यंत पोचतं आणि पाणी काढतं.

डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार करण्यासाठी कांद्यात दुसरं एक स्वतंत्र एन्झाइमही लागतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी एकाच एन्झाइमवर सगळा आळ होता. या संशोधनाला २०१३ मध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिलं जाणारं हे बक्षीस. कांद्याने तिथेही रडवायचं सोडून हसवलं.

या सगळ्या प्रक्रियेत पायरुविक आम्लही तयार होतं. प्रयोगशाळेत कांदा किती तिखट हे याच आम्लावरून मोजतात. ते जितकं कमी, तितका कांदा सौम्य. त्रोपेआच्या कांद्यात हा तिखटपणा कमी असतो. जात, जमीन आणि हवा या तिन्हींचा त्यात हात आहे. समुद्राजवळची हलकी जमीन, फार कडक न होणारा हिवाळा, आणि वाढीच्या काळात पिकाला न बसणारे ताण. उष्णता आणि पाण्याची टंचाई वाढली की कांदा जास्त तिखट होतो, जमिनीत गंधक जास्त असलं तरी तेच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातला विडालिया कांदा असाच गोड म्हणून नावाजला गेला, त्यामागेही तिथल्या जमिनीत गंधक कमी असणं हेच कारण सांगितलं जातं.

म्हणूनच 'त्रोपेआ' नावाचं बी ऑनलाइन मागवून गच्चीवरच्या कुंडीत लावलं तर लाल, लांबट, देखणा कांदा येऊ शकेल. तो त्रोपेआसारखा सौम्य निघेलच असं मात्र नाही. बी पार्सलने येतं, जमीन येत नाही.

शिजवल्यावर तिखटपणा उडतोच की, मग फरक कसला?

प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर कांदा-पास्त्याच्या बहुतेक रेसिपींमध्ये नसतं.

कांदा गरम झाला की एन्झाइमचं काम थांबतं. आधीच तयार झालेली उग्र संयुगं वाफेबरोबर निघून जातात किंवा बदलतात. म्हणजे पुरेसा वेळ दिला तर नाशिकचा कांदाही गोड होतो. खरं तर साखर जास्त असल्याने तो त्रोपेआपेक्षाही गोड होऊ शकतो. शिवाय गंधकाच्याच काही संयुगांपासून शिजताना एक खमंग, मटणाच्या रश्शाची आठवण करून देणारा वास तयार होतो. आपल्याकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणासाठी कांदा तांबूस होईपर्यंत परततात, तेव्हा घरभर सुटणारा वास त्याच कुळातला.

फरक आहे तो वेळेचा. त्रोपेआचा कांदा मुळातच सौम्य, म्हणून त्याला फक्त मऊ करायचं असतं. १५-२० मिनिटं मंद आचेवर ठेवला की झालं. रंग गुलाबीच राहतो, चव ताजी राहते, कांदा कांद्यासारखाच लागतो. कालाब्रियाच्या घरातली साधी पद्धत ही अशी आहे. आपल्या कांद्याचं तसं नाही. त्याला आधी उग्रपणा सोडायचा असतो, मग गोडी बाहेर काढायची असते. त्याला ४०-४५ मिनिटं लागतात, आणि शेवटी जे तयार होतं ते गुलाबी नसतं, तपकिरी-सोनेरी असतं. पदार्थ तोच, पण चव एक पायरी खोल. कमी प्रतीची नव्हे, वेगळी.

म्हणून दुसऱ्या कांद्याची रेसिपी आपल्या कांद्याला लावताना पहिल्यांदा बदलावं लागतं ते घड्याळ. '१० मिनिटांत कॅरमलाइज्ड कांदा' हे तर जगभरातल्या रेसिपींमधलं जुनं थाप मारण्याचं ठिकाण आहे. २०१२ मध्ये अमेरिकन पत्रकार टॉम स्कोका यांनी 'स्लेट'मध्ये यावरच खरमरीत लेख लिहिला होता. कांद्यात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं. ते पाणी आटत नाही तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं, आणि तांबूस होण्याची प्रक्रिया खऱ्या अर्थाने त्याच्या वरच्या तापमानाला वेग घेते. अर्धा किलो कांद्यातलं चारशे ग्रॅमच्या वरचं पाणी १० मिनिटांत मंद आचेवर कसं जाणार? आच मोठी केली तर कडा जळतात आणि आत पाणी तसंच राहतं.

पास्ता कुठला घ्यायचा?

कांद्याला स्पॅगेटी जमते. त्रोपेआच्या आसपासचा स्वतःचा प्रकार मात्र 'फिलेया'. कणकेची वळी बारीक काडीभोवती गुंडाळून ती काडी काढून घेतात, मग मध्ये पोकळी असलेला पिळदार तुकडा तयार होतो. शेवया किंवा गव्हले हाताने वळताना पाहिलेल्यांना ही कारागिरी अनोळखी वाटणार नाही. फिलेया इकडे मिळत नाही, त्यामुळे स्पॅगेटी, लिंग्विनी किंवा अगदी पेन्नेही घ्यावा.

पाकिटावर एकच गोष्ट बघायची, ड्यूरम गव्हाचा रवा. मैद्याचा पास्ता शिजताना लगदा होतो आणि या पदार्थात तर कांदाही मऊ असतो, म्हणजे सगळाच गिच्च गोळा. इटलीने १९६७ मध्ये कायदाच केला की सुका पास्ता ड्यूरमच्या रव्याचाच हवा. १९८८ मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं की बाहेरच्या देशांतून येणाऱ्या पास्त्यावर इटलीला ही सक्ती करता येणार नाही. इटलीत बनणाऱ्या पास्त्याला मात्र नियम लागू राहिला. ड्यूरम हे नाव परकं वाटलं तरी गहू परका नाही. आपल्याकडचा बन्सी गहू ड्यूरमच आहे, आणि बन्सी रव्याचा उपमा मोकळा होतो तो याच गुणामुळे.

आता कृती

दोघांसाठी. स्पॅगेटी २०० ग्रॅम, कांदे अर्धा किलो. हो, अर्धा किलो. चिरल्यावर परात भरून दिसतात आणि शेवटी वाटीभर उरतात. ऑलिव्ह ऑइल ४ मोठे चमचे, किसलेलं पेकोरिनो चीज ४० ग्रॅमच्या आसपास, एक सुकी लाल मिरची, मिरपूड, मीठ. असल्यास अर्धा कप व्हाइट वाइन, नसल्यास एक छोटा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

कांदा सोलून मधोमध कापावा आणि शेंड्यापासून मुळापर्यंत उभा चिरावा, साधारण ३-४ मिलिमीटर जाड. बिर्याणीच्या बिरिस्त्यासाठी चिरतात त्याहून थोडा जाड. आडवा चिरलेला कांदा लवकर विरघळतो, उभ्याच्या पाकळ्या शेवटपर्यंत टिकतात. बारीक चौकोनी चिरायचा मोह टाळावा, नाहीतर मसाल्याची तयारी चालली आहे असं दिसेल.

जाड बुडाची कढई किंवा पसरट पातेलं घ्यावं. पातळ नॉनस्टिक तव्यावर हा कांदा एका जागी करपतो आणि दुसरीकडे कच्चा राहतो. तेल कोमट झालं की मिरची तुकडे करून टाकावी, लगेच कांदा आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ सुरुवातीलाच, कारण ते कांद्यातलं पाणी बाहेर खेचतं. दोन मिनिटं हलवून झाकण ठेवायचं आणि आच अगदी मंद करायची.

पहिली २० मिनिटं कांदा स्वतःच्याच पाण्यात वाफवतो. मध्ये दोन-तीनदा हलवलं तरी पुरे. त्रोपेआचा किंवा तसाच सौम्य कांदा असेल तर काम इथेच संपत आलेलं असतं. वाइन ओतायची, ती आटू द्यायची, पुढे जायचं. नेहमीचा कांदा असेल तर मात्र झाकण काढून अजून २०-२५ मिनिटं. या वेळात कढईजवळ राहावं लागतं. कांदा खाली लागायला लागला की दोन चमचे पाणी घालून तळ खरवडायचा. तळाला चिकटलेला तपकिरी थर म्हणजेच चव आहे, तो पाण्याने सुटतो आणि कांद्यात परत जातो. थर काळा व्हायच्या आत हे करायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. कांदा चमच्याने दाबल्यावर मुरंब्यासारखा दबला आणि चव घेतल्यावर घशाला काही टोचलं नाही, की झाला. व्हिनेगर किंवा लिंबू या टप्प्यावर.

कांदा व्हायला १५ मिनिटं उरली की दुसरीकडे पास्त्याचं पाणी ठेवावं. दोन लिटर पाणी आणि तीन सपाट छोटे चमचे मीठ. चीज खारट असतं, त्यामुळे मीठ याहून वाढवू नये. पाण्यात तेल घालायची गरज नाही, उलट तेलामुळे पुढे कांदा पास्त्याला धरत नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी स्पॅगेटी चिमट्याने उचलून थेट कांद्याच्या कढईत टाकायची. तत्पूर्वी कपभर पाणी बाजूला काढून ठेवायचं. ते पांढुरकं, पिठूळ पाणी फेकून दिलं की निम्मा पास्ता फेकल्यासारखं आहे. त्यातला स्टार्च तेल आणि पाणी एकजीव करतो आणि क्रीमशिवाय मलईदार सॉस होतो.

अर्धा कप पाणी घालून मध्यम आचेवर दोन मिनिटं सगळं परतावं, उचलून टाकत राहावं. गॅस बंद. अर्धा मिनिट थांबून मग चीज. गॅस चालू असताना चीज घातलं की त्याच्या गाठी होतात आणि त्या चमच्याला लोंबकळतात. कोरडं वाटलं तर अजून थोडं पाणी. मिरपूड आणि लगेच ताटात. हा पास्ता वाट बघत नाही, गार झाला की घट्ट होतो.

चीज, आणि चीज नसेल तर

पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज. इटालियनमध्ये पेकोरा म्हणजे मेंढी. त्रोपेआच्या मागे उभ्या असलेल्या मोंते पोरोच्या पठारावर याचा स्थानिक प्रकार बनतो. कांद्याच्या गोडीला त्याचा खारट, थोडा उग्र स्वाद तोलून धरतो, म्हणून पार्मेझानपेक्षा इथे पेकोरिनो जास्त शोभतं. शाकाहारी वाचकांनी एक बघावं. पारंपरिक पेकोरिनो आणि अस्सल पार्मेझान बनवताना दूध फाडण्यासाठी कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेट असलेलं कडक चीजही मिळतं, पाकिटावर हिरवा ठिपका पाहून घ्यावं.

मेंढीचं नाही, पार्मेझान नाही, म्हणून चीज क्यूब किसून घालायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्यावा. क्यूब दुधाळ आणि मऊ असतो, गोड कांद्यावर त्याची चव सपाट होते. त्यापेक्षा दक्षिण इटलीची जुनी युक्ती चांगली. शिळ्या पावाचा चुरा चमचाभर तेलात खरपूस भाजायचा आणि वरून भुरभुरायचा. तिकडे याला गरिबाचं चीज म्हणतात, कारण चीज परवडायचं नाही तेव्हा हेच असायचं. मऊ पास्त्यावर तो कुरकुरीतपणा इतका छान लागतो की चीज असलं तरी चिमूटभर घालावा.

मिरचीबद्दलही एक. इटालियन जेवण मिळमिळीत असतं, हा समज कालाब्रियात टिकत नाही. त्रोपेआच्या जवळच स्पिलिंगा हे गाव आहे, तिथलं 'एन्दुया' हे पावावर फासता येईल असं मऊ सॉसेज डुकराच्या मांसात भरपूर लाल मिरची घालून करतात. कांदा आणि एन्दुया असा पास्ताही तिकडे आवडीने खातात. मिरची त्यांच्याकडेही अमेरिका खंडातूनच आली, जशी पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे. त्यामुळे या पास्त्यात अर्धी मिरची जास्त पडली तर कुणा कालाब्रियन आजीची हरकत नसावी. गरम मसाला घातला तर असेल.

कांदा निळा पडला तर घाबरू नका

लाल कांद्याचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो. जांभूळ आणि कोकमातही याच कुळातला रंग. आम्लात हा रंग गुलाबी-लाल राहतो आणि अल्कधर्मी वातावरणात निळसर, हिरवट होतो. बोअरवेलच्या जड पाण्यात लाल कांदा शिजवला की कधीकधी तो राखी-निळा दिसतो, ते यामुळे. कांदा खराब नसतो. लिंबाचे चार थेंब पिळले की रंग बराचसा परततो. वाइन किंवा व्हिनेगर घालण्याचं निम्मं कारण हेच.

कांदा लवकर शिजावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालायची आयडिया सोशल मीडियावर फिरत असते. सोड्याने कांदा लवकर मऊ आणि तपकिरी होतो हे खरं. पण लाल कांद्याचा रंग मळकट होतो, पाकळ्यांची पेस्ट होते आणि प्रमाण जरा चुकलं की साबणासारखी चव येते. रस्सा असेल तर एकवेळ खपून जाईल. इथे खपत नाही.

आपल्याकडचा कोणता कांदा?

ताजा त्रोपेआ कांदा भारतात सहज मिळत नाही. महाराष्ट्रात मात्र कांद्याची कमतरता नाही, फक्त कोणता कधी घ्यायचा ते कळायला हवं.

खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो, टिकत नाही. याला पाणी सोडायलाच फार वेळ लागतो आणि शेवटी हातात थोडं उरतं, म्हणून अर्ध्या किलोऐवजी ६०० ग्रॅम घ्यावा. चाळीत साठवलेला रब्बीचा उन्हाळ कांदा तिखट असतो, पण घन भाग जास्त. ४०-४५ मिनिटांच्या पद्धतीला हाच सर्वांत चांगला. डोळ्यांतून जितकं पाणी काढेल तितकी गोडी शेवटी देईल.

आणि त्रोपेआच्या जवळ जाणारा एक कांदा मुंबईपासून फार लांब नाही. रंग मात्र लाल नाही. अलिबागचा पांढरा कांदा. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर कार्ले, खंडाळे आणि आसपासच्या गावांत लावला जातो, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात बाजारात येतो. पायरुविक आम्ल कमी, तिखटपणा कमी, कच्चा खाल्ला तरी गोडसर. २०२२ मध्ये त्याला जीआय मिळालं. विक्रीची पद्धतही ओळखीची. पात सुकवून कांद्यांच्या माळा वळतात आणि रस्त्याच्या कडेला टांगतात. दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या काठचे शेतकरी, एकमेकांना न विचारता, सौम्य कांद्याची वेणी घालतात.

दोघांचं दुखणंही सारखंच. नाव मोठं झालं की दुसरीकडचा कांदा त्याच नावाने विकला जातो. कांदा तर कांदाच, ग्राहकाला दिसून काय कळणार? त्रोपेआच्या उत्पादकांनी यासाठी संघ स्थापन केला आहे आणि अस्सल मालावर मानांकनाचं चिन्ह असतं. अलिबागच्या शेतकऱ्यांसाठीही जीआयचा उपयोग तेव्हाच, जेव्हा घेणारा विचारतो की हा कुठल्या गावचा. गिऱ्हाईक विचारत नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवर आणि कमी भावातला दुसराच पांढरा कांदा माळेत, असं व्हायला वेळ लागत नाही.

अलिबागच्या कांद्याचा पास्ता करायचा तर २० मिनिटांची छोटी पद्धत वापरावी. रंग गुलाबी येणार नाही, फिकट सोनेरी येईल. चव मात्र उन्हाळ कांद्यापेक्षा त्रोपेआच्या जास्त जवळची.

कांदा-पास्ता फक्त त्रोपेआचा नाही

नेपल्समध्ये 'ला जेनोवेझे' नावाचा प्रकार आहे. बीफच्या तुकड्यांबरोबर ढीगभर कांदा कित्येक तास शिजवतात, शेवटी कांद्याचाच सॉस होतो. नाव जेनोआ शहराचं, पदार्थ मात्र पक्का नेपल्सचा. उत्तरेला व्हेनिसमध्ये 'बीगोली इन साल्सा' करतात, त्यात जाड शेवईसारख्या पास्त्यावर कांदा आणि खारवलेल्या अँचोव्ही माशांचा सॉस. उपवासाच्या दिवसांत, म्हणजे ख्रिस्ती परंपरेत मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत, हा खाल्ला जातो. सुकटीची सवय असलेल्या कोकणी माणसाला हा दुसरा प्रकार पहिल्याच घासात पटेल.

कांदा शिजवायला ४५ मिनिटं द्यायचीच असतील तर एक किलोचा घ्यावा. वेळ थोडाच वाढतो, फक्त भांडं पसरट हवं. उरलेला कांदा गार करून, वर तेलाचा पातळ थर देऊन, बंद डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी पास्ता १२ मिनिटांत होतो. ऑम्लेटमध्ये घालता येतो, टोस्टवर पसरता येतो, आणि ज्वारीच्या भाकरीवर थोडं लाल तिखट भुरभुरून खाल्ला तर पास्ता शिजवायचं राहूनच जातं.